हायब्रिड गाडी घेताय? आधी तिचा प्रकार ओळखा

घरात नवीन गाडीचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : "इलेक्ट्रिकची अजून धास्ती वाटते, पेट्रोल परवडत नाही, मग हायब्रिडच घेऊ." विचार चुकीचा नाही. गोंधळ सुरू होतो तो शोरूममध्ये. तिथे हायब्रिड म्हणून दाखवलेल्या एका गाडीत इंजिनाला हातभार लावणारी छोटी मोटर असते, तर दुसरीत अख्खी गाडी ओढणारी मोटर असते. दोघींच्या किमतीत लाखांचा फरक, शहरातल्या पेट्रोलच्या खर्चातही मोठा फरक, आणि मागच्या दारावरचा शब्द मात्र तोच. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर घेतली तर एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकले जातात.

घरची गाडी घेताना मी या सगळ्यातून गेलो. एका शोरूममध्ये तर "दोन्ही हायब्रिडच आहेत साहेब, फक्त मॉडेल वरचं-खालचं" एवढंच उत्तर मिळालं. पंधरा-वीस लाख रुपये घालणाऱ्या माणसाला याहून जास्त माहिती मिळायला हवी. म्हणून हा लेख. पायऱ्या क्रमाने वाचल्यात तर शोरूममध्ये काय विचारायचं, हे जाण्याआधीच पक्कं होईल.

१. दोन प्रश्न विचारा, प्रकार आपोआप कळेल

स्मार्ट, इंटेलिजंट, सेल्फ चार्जिंग असल्या विशेषणांकडे सुरुवातीला लक्षच देऊ नका. विक्री प्रतिनिधीला एवढंच विचारा :

- इंजिन पूर्ण बंद असताना ही गाडी नुसत्या मोटरवर रस्त्यावर चालते का?
- बाहेरून प्लग लावून हिची बॅटरी चार्ज करता येते का?

दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर ती माइल्ड हायब्रिड. पहिल्याचं "हो" आणि दुसऱ्याचं "नाही" असेल तर स्ट्राँग हायब्रिड, जिला फुल हायब्रिडही म्हणतात. दोन्ही "हो" असतील तर प्लग-इन हायब्रिड. रेंज एक्स्टेंडर हा त्यातलाच एक उपप्रकार, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ताडून पाहायला बॅटरीचा आकार विचारा. तो किलोवॅट-तासांत सांगतात. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट, त्यामुळे अंदाज बांधणं सोपं जातं. माइल्ड हायब्रिडची बॅटरी युनिटाच्या छोट्याशा अंशाएवढी असते. हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये ती ०.७६ युनिटाची आहे. प्लग-इनमध्ये साधारण १० ते २५ युनिटांची, आणि टाटा नेक्सॉन ईव्हीसारख्या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत ३० ते ४५ युनिटांची. हे आकडे लक्षात असले की कोणी "ही जवळजवळ इलेक्ट्रिकच आहे" असं म्हटलं तरी आपण गडबडत नाही.

आणखी एक खूण. भारतात आज मिळणाऱ्या गाडीला क्लच आणि हाताने टाकायचा गिअर असेल, तर ती स्ट्राँग हायब्रिड नाही. ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्ये स्ट्राँग हायब्रिड फक्त ई-सीव्हीटी या क्लच नसलेल्या गिअरबॉक्ससोबत येते. मॅन्युअल, साधी ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद देणारी, सीएनजीवाली, ही बाकीची रूपं त्या प्रकारात येत नाहीत. बुकिंगच्या कागदावर व्हेरियंटचं पूर्ण नाव नीट वाचा.

२. माइल्ड हायब्रिड : इंजिनाला हलकासा आधार

हा प्रकार आपल्याकडे घरोघरी पोचला तो मारुतीमुळे. २०१५ मध्ये सियाझ डिझेलमध्ये ‘एसएचव्हीएस’ नावाने तो आला, मग अर्टिगात. आता ब्रेझा, अर्टिगा, एक्सएल६ आणि ग्रँड विटाराच्या पेट्रोल रूपांत तो ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणून दिसतो.

यात नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी एक यंत्र बसवलेलं असतं. ते स्टार्टरचंही काम करतं आणि जनित्राचंही. पट्ट्याने ते इंजिनाला जोडलेलं असतं. सिग्नलला इंजिन बंद होतं, क्लच दाबताच चटकन आणि न हादरता सुरू होतं. गाडीचा वेग कमी करताना थोडी वीज साठते, आणि वेग घेताना तीच वीज इंजिनाला किंचित मदत करते. चढावर सायकल दामटणाऱ्याला कोणी मागून हात लावावा, तसा हा आधार. पायडल मारणारा तोच असतो.

म्हणजे हा प्रकार टाकाऊ आहे का? मुळीच नाही. किंमत फारशी वाढत नाही, बिघाडाच्या जागा कमी, डिकी पूर्ण मिळते आणि मायलेज थोडं सुधारतं. मात्र यासाठी वेगळे पैसे मोजताना कोणत्याही मोठ्या बचतीची आशा ठेवू नका. केंद्र सरकारनेही विजेवरच्या गाड्यांना प्रोत्साहन देणाऱ्या फेम योजनेतून सुरुवातीला अशा गाड्यांना सवलत दिली होती, पण २०१७ मध्ये माइल्ड हायब्रिड त्या यादीतून वगळल्या.

इथला मोठा सापळा आरसी बुकात आहे. इंधनाच्या रकान्यात माइल्ड हायब्रिडच्या नावावरही ‘पेट्रोल/हायब्रिड’ अशी नोंद दिसते. सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीत ‘स्ट्राँग हायब्रिड ईव्ही’ आणि ‘प्लग-इन हायब्रिड ईव्ही’ हे वेगळे प्रकार आहेत. त्यामुळे जुनी गाडी विकणारा "आरसीवर हायब्रिड लिहिलंय बघा" म्हणाला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या पायरीतले दोन प्रश्न तिथेही विचारायचे.

आणि ज्या गाडीत फक्त सिग्नलला इंजिन बंद-चालू होतं, मोटरची मदत अजिबात नाही, तिला काही जण मायक्रो हायब्रिड म्हणतात. खरेदीच्या दृष्टीने ती साधी पेट्रोल किंवा डिझेल गाडीच समजा.

३. स्ट्राँग हायब्रिड : इथे थांबून नीट समजून घ्या

आपल्यासारख्या मध्यमवर्गीय ग्राहकाचा खरा प्रश्न या प्रकाराभोवती आहे. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आणली, तिथून याची सुरुवात. भारतात होंडाने २००८ मध्ये सिविक हायब्रिड आणली, २०१० मध्ये प्रियस आली, पण त्या गाड्या सामान्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. चित्र बदललं २०२२ मध्ये. त्या वर्षी होंडा सिटी ई:एचईव्ही, हायरायडर, ग्रँड विटारा आणि वर्षाअखेर इनोव्हा हायक्रॉस अशी रांग लागली. २०२३ मध्ये हायक्रॉसची जुळी बहीण मारुती इनव्हिक्टो आली.

बाहेरून या सगळ्या सारख्या वाटल्या तरी आतली रचना दोन वेगळ्या पद्धतींची आहे.

टोयोटा-मारुतीची पद्धत : इंजिन आणि दोन मोटर-जनित्रं एका ग्रहमाला गिअरमध्ये जोडलेली असतात. मधलं दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेरची कडी, अशी ती रचना. इंजिनाची ताकद तिथेच वाटली जाते : काही भाग थेट चाकांना, काही भाग वीज तयार करायला. कुठल्या क्षणी किती वाटा कुठे जायचा ते संगणक ठरवतो. याला ई-सीव्हीटी म्हणतात. सीव्हीटी हा शब्द ऐकून अनेक जण बिचकतात, "पट्टा घसरतो, तुटतो" असं ऐकलेलं असतं. या रचनेत तसा पट्टाच नाही. क्लच प्लेट नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. टॅक्सीवाल्यांनी जगभर या गाड्या लाखो किलोमीटर चालवल्या आहेत, त्यामागे हा साधेपणा आहे.

होंडाची पद्धत : शहरातल्या वेगाला सिटी ई:एचईव्हीचं इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं. ते जनित्र फिरवतं, वीज मोटरकडे जाते आणि चाकं मोटर फिरवते. हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना एक क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकं फिरवू लागतं, कारण त्या वेगाला तेच किफायतशीर असतं.

दोन्ही पद्धतींत इंजिन अ‍ॅटकिन्सन चक्रावर चालतं. ते इंधन कमी खातं, पण खालच्या फेऱ्यांत ताकद कमी देतं, आणि नेमकी ती उणीव मोटर भरून काढते. म्हणूनच सिग्नल सुटताना या गाड्या इतक्या सहज निघतात.

आता एक प्रश्न जो सगळे विचारतात. हायरायडरच्या माहितीपत्रकात इंजिन ९२ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), मोटर ८० पीएस आणि एकूण सुमारे ११५ पीएस असं असतं. ९२ आणि ८० मिळून १७२ का होत नाहीत? कारण मोटरला पूर्ण ताकद देण्याएवढी वीज ती छोटी बॅटरी एकटी पुरवू शकत नाही. उरलेली वीज इंजिनाच्याच ताकदीतून तयार करावी लागते. दोन्ही आकड्यांची बेरीज करून दुसऱ्या गाडीशी तुलना करू नका, एकत्रित आकडाच खरा.

बॅटरी पाऊण युनिटाची, मग या गाड्यांबद्दल ऐकू येणारं "अर्धा वेळ विजेवर चालते" हे कसं खरं असेल? भरलेल्या बॅटरीवर ही गाडी सलग जेमतेम काही किलोमीटर जाते. पण रहदारीत ती दर ब्रेकला थोडी भरते, दर निघण्याला थोडी रिकामी होते. हिंजवडीच्या किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याच्या गर्दीत हे चक्र सतत चालू राहतं आणि इंजिन बराच वेळ गप्प असतं. ही वीज कुठून फुकट येत नाही. जी ऊर्जा एरवी ब्रेक तापवण्यात वाया गेली असती ती परत मिळते, आणि इंजिन जेव्हा चालतं तेव्हा त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर चालतं. बचतीची ही दोन मूळं लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत उपयोगी पडतील.

घाटाबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण मुंबई-पुणे करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येणार. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना पाचशे मीटरहून जास्त उंची कमी होते. माणसांसह दीड टन वजनाच्या गाडीसाठी ती कागदावर साधारण दोन युनिट ऊर्जा होते. बॅटरी पाऊण युनिटाची. म्हणजे अर्ध्या घाटातच ती भरते. त्यानंतर वीज घ्यायला जागा नसते, म्हणून गाडी इंजिन वेगाने फिरवून वेग आवरते आणि पाय ब्रेकवर असताना इंजिनाचा आवाज चढतो. नवीन माणूस घाबरतो, बिघाड झाला असं वाटतं. बिघाड नाही, गाडी बरोबर वागते आहे. टोयोटा-मारुतीत उतारावर ‘बी’ स्थितीत लिव्हर टाका. होंडा सिटीत स्टिअरिंगमागच्या पॅडलने वेग आवरण्याची ताकद वाढवा. ब्रेक तापणार नाहीत.

शेवटचा गैरसमज : पेट्रोल संपलं तर विजेवर घरी पोचू. असं कधीही गृहीत धरू नका. बॅटरी लहान आहे, ती भरणारं इंजिनच बंद पडलेलं असतं. हायब्रिडलाही पेट्रोल वेळेवर भरावंच लागतं.

४. प्लग-इन आणि रेंज एक्स्टेंडर

प्लग-इनमध्ये बॅटरी एवढी मोठी असते की रोजचं जाणं-येणं विजेवर होतं आणि लांबच्या प्रवासाला पेट्रोल इंजिन असतं. भारतात मात्र हा प्रकार महागड्या गाड्यांपुरता राहिला आहे : व्होल्वो एक्ससी९० टी८, बीएमडब्ल्यू एक्सएम, रेंज रोव्हर, पोर्शे कायेन यांच्या काही रूपांत तो आला. चीनमध्ये बीवायडीने तो सामान्य किमतीत आणला. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडे टोयोटा आरएव्ही४चं प्लग-इन रूप दिसतं, २०२५ पर्यंतच्या मॉडेलांत ते १८.१ युनिटांच्या बॅटरीवर तिथल्या अधिकृत चाचणीनुसार ४२ मैल जातं.

परदेशात राहून हा लेख वाचत असाल तर तुमच्यासाठी एकच कसोटी : घरी किंवा ऑफिसात रोज प्लग लावायची सोय आणि सवय आहे का? नसेल तर जड बॅटरी नुसती वाहून नेत पेट्रोलच जाळाल. त्यापेक्षा साधी स्ट्राँग हायब्रिड बरी.

रेंज एक्स्टेंडरमध्ये चाकं मोटरच फिरवते, आणि छोटं इंजिन फक्त वीज तयार करायला असतं. बीएमडब्ल्यू आय३ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. निसानची ई-पॉवर पद्धतही याच वाटेने जाते, पण तिला प्लग नसतो, त्यामुळे ती स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोडते.

५. तुमचा रस्ता कागदावर लिहा

गाडी निवडण्याआधी एक महिना तुमच्या सध्याच्या वाहनाचा हिशेब ठेवा. एकूण किलोमीटर किती, त्यातले गर्दीच्या शहरातले किती, मोकळ्या हमरस्त्यावरचे किती. हे अंदाजाने करू नका. आपल्याला वाटतो त्यापेक्षा प्रत्यक्ष वापर बहुधा कमी निघतो.

स्ट्राँग हायब्रिडची बचत ब्रेक लावण्यातून आणि इंजिन बंद ठेवण्यातून येते. त्यामुळे पुण्यात, मुंबईत, नागपूरच्या आतल्या रस्त्यांवर रोज तास-दीड तास अडकणाऱ्याला ती पुरेपूर फळते. समृद्धी महामार्गावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्याला तेवढी नाही, कारण तिथे इंजिन सतत चालूच असतं. आठवड्याला नाशिक-छत्रपती संभाजीनगर बाजूला फेरी आणि शहरात दुचाकी, असा वापर असेल तर मी माइल्ड किंवा साध्या पेट्रोलकडेच बघेन.

मायलेजच्या आकड्यांबद्दलही बोलू. माहितीपत्रकातला आकडा बहुतेकदा पुण्यातल्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीतला असतो. ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार होते. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून आपापसातली तुलना करायला ती उत्तम. पण हायरायडरचे २७.९७ किंवा सुरुवातीच्या सिटी ई:एचईव्हीचे २६.५ हे आकडे एसी लावून, चार माणसं बसवून, पावसाळी खड्ड्यांतून जाताना मिळतील अशी अपेक्षा धरू नका. ज्यांच्याकडे तीच गाडी आहे आणि तोच रस्ता आहे अशा माणसाला गाठून टाकी-ते-टाकी मोजलेलं मायलेज विचारा.

६. पैशांचा हिशेब स्वतः करा

एक उदाहरण मांडतो. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे घालून पुन्हा करा.

समजा माइल्ड ऑटोमॅटिक आणि स्ट्राँग हायब्रिड यांच्या ऑन-रोड किमतीत अडीच लाखांचा फरक आहे. शहरात माइल्ड लिटरला १४ किलोमीटर देते आणि स्ट्राँग २१. पेट्रोल १०५ रुपये. महिन्याला १,००० किलोमीटर चालवल्यास पहिलीला सुमारे ७१ लिटर, दुसरीला सुमारे ४८ लिटर पेट्रोल लागेल. बचत महिन्याला साधारण २,५०० रुपये. अडीच लाख वसूल व्हायला शंभर महिने, म्हणजे आठ वर्षांहून अधिक. महिन्याला २,००० किलोमीटर असतील तर चार वर्षं आणि थोडं. आणि ५०० किलोमीटरच असतील तर साडेसोळा वर्षांहून अधिक, म्हणजे ती बचत हातात पडणारच नाही.

कर्ज काढून घेत असाल तर त्या अडीच लाखांवरचं व्याजही धरा. दुसऱ्या बाजूला, शांतपणा आणि, मॅन्युअल गाडीशी तुलना करत असाल तर, क्लचविना चालवण्याचा आराम यांना तुमच्या लेखी किंमत असेल तर तीही धरा. माझ्या मते ती कमी नाही, विशेषतः गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी.

करांबाबत दोन-तीन गोष्टी स्पष्ट असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी दरांनुसार इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के कर आहे, आणि चार मीटरहून लांब किंवा १,२०० सीसीहून मोठ्या पेट्रोल हायब्रिडवर ४० टक्के. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के रस्ता कर लागतो, आणि हायब्रिड त्याच रांगेत येते. इलेक्ट्रिक गाड्यांना अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दिलेली टोलमाफी हायब्रिडला नाही. हिरवी नंबरप्लेटही नाही, पांढरीच मिळते.

उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडला नोंदणी करात माफी जाहीर केली होती. तिथल्या किमती सांगणारे व्हिडिओ पाहून आपल्याकडच्या शोरूमशी वाद घालू नका, आणि तिकडून स्वस्तात आणून इथे चालवू असा बेतही करू नका. इथे कायम ठेवली तर इथला कर भरावाच लागतो.

एक छोटी सवलत मात्र आहे : हायब्रिडला थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात ७.५ टक्के सूट मिळते. विम्याच्या कोटेशनमध्ये ती धरली आहे का, तपासा.

७. टेस्ट ड्राइव्ह : कॉलनीला चक्कर मारून परत येऊ नका

शक्यतो संध्याकाळच्या गर्दीची वेळ मागा. अर्धा तास तरी हातात घ्या, आणि हे पाहा :

- सिग्नलला एसी. माइल्ड हायब्रिडमध्ये इंजिन थांबलं की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, थोड्या वेळाने हवा कोमट लागते. टोयोटा, मारुती आणि होंडाच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालतो, गारवा टिकतो. मे महिन्यात ही एकच चाचणी दोघींमधला फरक दाखवून देते.
- चढावर पूर्ण दाब. पूल किंवा चढ शोधा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहा. इंजिनाचा आवाज चढून तिथेच राहतो, वेग मागून येतो. काहींना हे खटकतं. तुम्हाला खटकतं का, हे आधी कळलेलं बरं.
- ब्रेकचा स्पर्श. सुरुवातीला वीज साठवणारा ब्रेक, शेवटी नेहमीचा, असा बदल पायाला जाणवतो.
- डिकी. बॅटरी बहुतेक वेळा मागे असते. सिटीच्या हायब्रिड रूपात साध्या सिटीपेक्षा सुमारे २०० लिटर जागा कमी आहे. तुमची नेहमीची बॅग घेऊन जा आणि ठेवून पाहा. स्टेपनी आहे का आणि कुठे आहे, तेही बघा.
- मागची सीट. वडीलधाऱ्यांना बसवा. चढ-उतार, मांडीचा आधार, डोक्यावरची जागा त्यांनाच ठरवू दे.

८. बुकिंगआधी लेखी मागा, कागद तयार ठेवा

हायब्रिड बॅटरीची वॉरंटी टोयोटा, मारुती आणि होंडा तिन्ही ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत देतात. पण वॉरंटी पुस्तिका मागून अटी वाचा : बाहेर सर्व्हिसिंग केलं तर काय, पाण्यात गेली तर काय, जादा ॲक्सेसरीज बसवताना वायर कापली तर काय. स्वस्तात बसवलेली म्युझिक सिस्टीम किंवा जादा दिवे वॉरंटीच्या वादाचं कारण ठरतात. गाडीतल्या नारिंगी केबली उच्च दाबाच्या असतात, त्यांना बाहेरच्या इलेक्ट्रिशियनचा हात लागू देऊ नका.

लागणारे कागद असे :

- पॅन कार्ड, आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो
- कर्ज असेल तर उत्पन्नाचे पुरावे आणि बँक स्टेटमेंट
- व्हेरियंटचं पूर्ण नाव, रंग आणि किमतीची फोड असलेलं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस
- नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०, विक्रीचा दाखला फॉर्म २१, रस्त्यायोग्यतेचा दाखला फॉर्म २२. शेवटचे दोन डीलरकडून मिळतात
- विम्याची पॉलिसी, त्यात झीरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीची भरपाई). हायब्रिड बॅटरी आणि मोटर पाण्याने खराब झाल्यास भरपाई मिळते का, हे वेगळं विचारा आणि ईमेलवर उत्तर घ्या

मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगली, चिपळूण इथल्या लोकांनी शेवटचा मुद्दा अजिबात सोडू नये.

९. जुनी हायब्रिड घेत असाल तर

कॅमरी हायब्रिडसारख्या गाड्या जुन्या बाजारात मोहात पाडणाऱ्या किमतीत दिसतात. किंमत कमी असण्यामागे बॅटरीची वॉरंटी संपलेली असणं हे एक कारण असू शकतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हायब्रिड प्रणालीची तपासणी करून अहवाल घ्या. विकणारा त्याला तयार नसेल तर गाडी सोडून द्या. वॉरंटीची वर्षं पहिल्या विक्रीपासून मोजली जातात, तुमच्या खरेदीपासून नाही. सर्व्हिसचा इतिहास पाहा, गालिचा उचलून चिखल किंवा गंज दिसतो का तेही बघा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५.

१०. गाडी घरी आल्यावर

- डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसल्यावरच गाडी चालू झाली असं समजा. आवाज नसतो, त्यामुळे गाडी चालू ठेवून उतरण्याची चूक सहज होते. उतरताना ‘पी’ आणि पॉवर बंद, हा नेम करा. लहान मुलं असलेल्या घरात तर नक्कीच.
- मोठ्या बॅटरीशिवाय एक नेहमीची १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली तर गाडी ‘रेडी’ होत नाही, मोठी बॅटरी भरलेली असली तरी. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाऊन गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर घरच्या कोणाला अधूनमधून ‘रेडी’ करून थोडी फिरवायला सांगा.
- दुसऱ्याच्या बंद गाडीला जंप स्टार्ट द्यायला हायब्रिड वापरण्याआधी मॅन्युअल वाचा. काही कंपन्या त्याला मनाई करतात.
- बॅटरीला थंड ठेवणारी हवेची जाळी मागच्या सीटजवळ किंवा डिकीच्या बाजूला असते. त्यावर पिशव्या, उशा, चादरी ठेवू नका. कुत्र्याचे केस आणि धूळ अडकते, सर्व्हिसिंगच्या वेळी ती साफ करून घ्या.
- बंद पडली तर दोरीने ओढू देऊ नका. पुढची चाकं जमिनीवर फिरत राहिली तर मोटरला धोका असतो. रोडसाइड असिस्टन्सकडून सपाट फळीची गाडीच मागवा.
- पाणी साचलेल्या रस्त्यात घालू नका, आणि गाडी बुडाली तर पाणी ओसरल्यावर ‘बघू चालू होते का’ म्हणून बटण दाबू नका. सर्व्हिस सेंटरला फोन करा.
- पीयूसी हायब्रिडलाही लागतं. मात्र गाडी उभी असताना इंजिन आपोआप बंद होतं आणि केंद्रावरचा माणूस गोंधळतो. इंजिन चालू ठेवायची एक खास तपासणी-स्थिती असते. ती कशी लावायची हे पहिल्याच सर्व्हिसिंगला विचारून फोनमध्ये टिपून ठेवा, आणि पीयूसीची मुदत संपायच्या आठवडाभर आधी केंद्रावर जा, म्हणजे एखाद्या ठिकाणी जमलं नाही तर दुसरीकडे जायला वेळ राहील.